गच्ची सोसायटीची, ताप तुमचा
वास्तुविशारदाला विचारा : वाचकांचे प्रश्न

एप्रिल-मे आला की या सदराचा टपालाचा गठ्ठा दुप्पट होतो. दिवाळीत मला कुणी भिंतीबद्दल विचारत नाही. या वेळच्या निम्म्याहून जास्त पत्रांत ‘ग्रीन बिल्डिंग’ हा शब्द होता आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना प्रत्यक्षात एवढंच विचारायचं होतं की, घर तापतंय, काय करू? त्यात लाजण्यासारखं काही नाही. मीही सोलापुरात घरं बांधायला लागले ती याच प्रश्नावर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे. माझ्याबरोबर बरीच वर्षं एक मिस्त्री होते. मी नवा नकाशा पसरला की ते डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, “झकास हाय मॅडम. पन ह्येच्याकडं बघनार कोन?” पहिली पाच वर्षं मला या प्रश्नाचा राग यायचा. आता मी तोच प्रश्न लोकांना विचारते आणि लोक माझ्यावर रागावतात.

गावातलं आमचं घर आजोबांनी बांधलेलं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. दगड-मातीच्या अडीच फुटी भिंती. वैशाखातही दुपारी पंखा लागत नाही. शेजारपाजारच्या सगळ्यांनी स्लॅब टाकले. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो म्हणतो हेच खरं सस्टेनेबल घर, पाडायचं नाही. माझी आई म्हणते, पाडा आणि मोकळे व्हा. ती किल्लारीच्या भूकंपातून वाचलेली आहे. कुणाचं ऐकू? — शेतकरी, औसा तालुका

दोघांचंही ऐका, पण आधी आईचं.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती बोळवून लोक झोपले होते. मी तेव्हा कॉलेजात होते. काही दिवसांनी आमचे सर आम्हाला पाहणीला घेऊन गेले. वह्या-टेप घेऊन गेलो होतो, पहिल्या दिवशी कुणी वही उघडली नाही. सरकारी आकड्यानुसार 7,928 माणसं गेली. भूकंप 6.2 चा. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि इतकी माणसं जात नाहीत. तेव्हाच्या भूकंप-नकाशात तर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 मध्ये तो तिसऱ्या पट्ट्यात आला.

पडलेल्या भिंतीचा छेद उघडा पडला होता, तो मला अजून काढून दाखवता येईल. बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड आणि मध्ये चिपा, मुरूम, माती. बघणाऱ्याला भिंत अडीच फुटांची वाटायची, पण ती एक भिंत नव्हतीच. दोन पातळ भिंती पाठीला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांना एकमेकींशी बांधणारा एकही आरपार दगड नव्हता. हादरा बसला तशा दोघी फुगल्या आणि दोन दिशांना गेल्या. वरून माळवद. दर वर्षी पावसाआधी त्यावर नवी पांढरी माती पसरायची, जुनी कुणी काढायची नाही. दोन फूट थर साचला असेल तर चौरस फुटाला 90 किलो होतात. दहा बाय बाराच्या खोलीवर 11 टनांच्या आसपास ओझं. खाली माणसं झोपलेली.

पण काही घरांत सागवानी खण तसाच उभा होता. खांब, तुळया, कडिपाट, वरचं छत, सगळं जागच्या जागी, आणि भिंती बाहेरच्या बाजूला पडलेल्या. छताचा भार लाकडावर होता, म्हणून आतली माणसं वाचली. आईला विचारा, त्यांनी अशी घरं पाहिली असतील.

म्हणून तुमच्या घरात आधी हे बघा की माळवद खांबांवर आहे की थेट भिंतींवर. मग एक स्थापत्य अभियंता प्रत्यक्ष नेऊन दाखवा. पत्रावरून भिंतीची नाडी बघता येत नाही. दुरुस्तीची पद्धत भूकंपानंतर याच गावांमध्ये वापरली गेली आणि ती अवघड नाही. भिंतीतले काही दगड जपून सैल करून आरपार भोक करायचं, त्यात सळई ठेवून काँक्रीट भरायचं. असे टाके उंचीत दर दोन फुटांना आणि आडवे चार-चार फुटांवर. छताच्या पातळीला चारी भिंतींना कमरपट्टा. आणि वरचे साचलेले थर उतरवायचे. माती उतरवताना एकदम एका बाजूची उतरवू नका, छताचा तोल जातो.

मुलाचंही खोटं नाही. जाड भिंतीत दुपारचं ऊन शिरतं ते आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि रात्री छताचं साणं, म्हणजे झरोका, उघडं असलं की ते वरून निघून जातं. स्लॅबच्या घराला हे विकत घेता येत नाही. घर अगदीच दुरुस्तीपलीकडे गेलं असेल तर तेच दगड घ्या, भिंतीची जाडी दीड फुटाच्या वर नेऊ नका, आरपार दगड घाला, जोत्याला आणि छताला पट्टा द्या, छत हलकं ठेवा. जुनं सागवान भंगारवाल्याला देऊ नका, तो तुमच्या अंगणात उभा राहून रडका चेहरा करील आणि पुण्यात नेऊन चौपट किमतीला विकील.

आता मिस्त्रींचा प्रश्न. माळवदाला दर वर्षी हात लागतो. पाऊस सुरू व्हायच्या आधी वर चढून भेगा बुजवायच्या, पाण्याचा उतार बघायचा, पन्हळ मोकळी करायची, उगवलेलं गवत काढायचं. मुलाला विचारा, पुण्याहून येऊन हे तो करणार आहे का? त्याने होय म्हटलं तर आईशी मी बोलते.

आम्ही पुण्यात पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. पश्चिमेची बेडरूम रात्री बारापर्यंत भट्टी. एसी घेतला, बिल बघून नवरा रोज सुनावतो. आतून थर्माकोलचं फॉल्स सीलिंग करावं का? — गृहिणी, सिंहगड रस्ता

थर्माकोल नको. आग लागली तर तो वितळून अंगावर येतो, एवढं एक कारण पुरे. दुसरं असं की आजार वर आहे आणि औषध तुम्ही खाली लावताय.

मेच्या मध्याला पुण्यात ‘शून्य सावली’चा दिवस असतो, वर्तमानपत्रात फोटो येतात, मुलं अंगणात बाटली उभी करून बघतात. त्याचा तुमच्या घराच्या भाषेत अर्थ असा की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. भिंतींना त्या वेळी ऊन जेमतेम लागतं, सगळं गच्ची पिते. पाच-सहा इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर कमावतो आणि संध्याकाळी सातपासून तुमच्या पलंगावर उधळतो. त्यात दुपारी तीननंतर पश्चिमेची भिंत आणि खिडकी सामील होते. म्हणून रात्री बारा.

उद्या दुपारी दोन वाजता गच्चीवर अनवाणी जा. साध्या कोब्यावर पाय ठेवता येणार नाही. मग कुणाच्या तरी गच्चीवर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक असेल तिथं जाऊन उभ्या राहा. फरक पायाला कळेल, थर्मामीटर लागत नाही. मोझॅकचा खर्च मोठा असेल तर परावर्तक पांढरा रंग द्या. तेही नको असेल तर चुना. चुना एक पावसाळा टिकतो, पण स्वस्त आहे आणि दर मार्चमध्ये पुन्हा लावता येतो. तेलंगणाने 2023 मध्ये अशा थंड छतांचं सरकारी धोरणच केलं, तेव्हा याला कुणी घरगुती उपाय म्हणून नाक मुरडू नये.

अडचण तांत्रिक नाहीच. गच्ची सोसायटीची आणि ताप तुमचा. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणणार, आमच्याकडे तर गार आहे. त्यांच्याशी उष्णतेवर बोलू नका, वीजबिलावर बोला. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे म्हणा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. पॅनेलखाली पडेल ती सावली तुमची. शिवाय पुणे महापालिका सौर, गांडूळखत, पावसाचं पाणी यांपैकी एक गोष्ट चालू असेल तर सामान्य करात 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सवलत देते. ‘चालू असेल तर’ हे शब्द काकांना मोठ्याने वाचून दाखवा. आणि पॅनेल धुणार कोण, हे त्याच सभेत ठरवा. पुण्यात मेट्रोची, रस्त्यांची, बांधकामांची धूळ कमी आहे का?

तोवर तुमच्या हातातलं. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून नको, बाहेरून हवा. ऊन काचेतून एकदा आत आलं की ते घरचंच झालं, मग पडदा ओढून काही होत नाही. बाहेर बांबूची चिक सोडा, दुपारी दोनला खाली, सूर्य बुडाला की वर. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घ्या. जुना 75 वॉट खातो, हा 30-35. एसी 26 वर ठेवून त्याच्याबरोबर पंखा लावा. आणि रात्री दहानंतर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. डास येतात हे मला माहीत आहे, जाळी लावा.

आमच्या 96 फ्लॅटच्या सोसायटीला बिल्डरने ‘प्री-सर्टिफाइड ग्रीन’ असं सांगून विकलं. ताबा मिळून तीन वर्षं झाली. एसटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाला) वास येतो म्हणून रात्री बंद ठेवतो. सौर बंबाचं पाणी वरच्या दोन मजल्यांनाच येतं. आम्ही फसलो का? — सचिव, नाशिक

निम्मे फसलात. उरलेल्या निम्म्यात तुमचाही हात आहे.

प्री-सर्टिफिकेट नकाशावर मिळतं. बिल्डर कागदोपत्री सांगतो की मी असं असं बांधणार आहे, आणि मानांकन देणारी संस्था म्हणते, असं बांधलंत तर ही पातळी मिळू शकेल. साखरपुडा म्हणा. अंतिम प्रमाणपत्र बांधकाम झाल्यावर, बघून. तेव्हा बिल्डरला एका ओळीचं पत्र लिहा, अंतिम प्रमाणपत्राची प्रत द्या. त्याला यात काय मिळालं असेल हेही जाणून घ्या. मुंबई महापालिकेची हद्द आणि काही अपवाद सोडले तर राज्यभर लागू असलेल्या बांधकाम नियमावलीत, मानांकनाच्या पातळीनुसार 3, 5 किंवा 7 टक्के वाढीव एफएसआय, म्हणजे तेवढं जास्त बांधकाम करायची मुभा, मिळते. म्हणजे तुमच्या इमारतीतल्या काही खोल्या या हिरवेपणावर उभ्या असू शकतात. मंजूर नकाशावर ते लिहिलेलं असतं, महापालिकेतून प्रत काढा. नियमात असलेला बिल्डर हे पत्र पाहून रागावत नाही.

आता एसटीपी. माझी एक ओळखीची बाई आहे, वीस वर्षं सांडपाण्याच्या प्रकल्पांवर काम केलेली. तिला मी एकदा विचारलं, सोसायट्यांचे प्रकल्प बंद का पडतात? ती म्हणाली, “कारण लोकांना ते मशीन वाटतं. अगं, तो गोठा आहे.” टाकीत जिवाणू आहेत, ते तुमची घाण खातात आणि त्यांना चोवीस तास हवा लागते. ब्लोअर त्यासाठी असतो. तुम्ही रात्री ब्लोअर बंद करता, म्हणजे गोठ्याचं दार लावून जनावरं कोंडता. ती मरतात. मग वेगळे, हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि कुजक्या अंड्यांचा वास सोडतात. वास येतो म्हणून तुम्ही अजून बंद ठेवता. वास बंद ठेवल्यामुळेच येतोय.

ब्लोअर पूर्ण वेळ चालू करा. नवे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतील, तेवढे दिवस सोसा. चालू प्रकल्पातून विरजण आणून घातलं तर लवकर होतं, ते तुमचा कंत्राटदार करून देईल. देखभालीच्या करारात ‘महिन्यातून एक भेट’ असेल तर तो करार फाडा. रोज कुणीतरी तिथं उभं राहायला हवं. सोसायटीत पाणी-वीज समजणारा एक निवृत्त माणूस असतोच. त्याला अध्यक्ष करू नका, याचं खातं द्या.

सौर बंबाची तक्रार बहुधा पाइपांची आहे. गच्चीवरून गरम पाणी खाली येईपर्यंत उभ्या पाइपातलं गार पाणी सांडून द्यावं लागतं, म्हणून खालचे लोक कंटाळून गिझर लावतात. परतीचा पाइप आणि छोटा पंप आहे का बघा, असला तर कुणीतरी बंद केलेला असेल. पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचलाय, ॲसिडने साफ करावा लागतो, तोही कुणीतरी बघूनच.

मी दर वर्षी दोन-तीन अशा सोसायट्या बघते. लिफ्टशेजारी चौकटीत प्रमाणपत्र, आणि शोषखड्ड्याचं झाकण कुठंय ते वॉचमनलाही माहीत नाही. एका ठिकाणी त्यावर तुळशीवृंदावन बांधलं होतं. हलवा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

सांगलीजवळ गावात तळमजल्याचं 1,200 चौरस फुटांचं घर बांधतोय. गवंडी म्हणतो लाल वीट. पुतण्या इंजिनिअर, तो म्हणतो एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचा सच्छिद्र, हलका ब्लॉक. मी रॅट-ट्रॅप नावाच्या पोकळ भिंतीबद्दल वाचलं. निसर्गाला काय बरं? — शिक्षक

पहिला प्रश्न मी विचारते. कृष्णेचं पाणी 2019 ला तुमच्या जागेवर आलं होतं का? 2021 ला? आलं असेल तर जोतं किती उंच, यावर आधी वही भरा. जिथं पूर चढतो तिथं मी एएसी सुचवत नाही. तो पाणी पितो आणि सोडायला फार वेळ लावतो. भाजलेली वीट पुरातून जरा लवकर सावरते.

पूर नसेल तर हिशेब असा. लाल वीट घनमीटरला 1,800 किलोच्या घरात, एएसी 600 च्या आसपास. दहा मजली इमारतीत त्यामुळे लोखंड, सिमेंट, पाया, सगळं कमी होतं. तुमच्या एकमजली घराला त्या वजनाचा फारसा फायदा नाही; ऊन अडवण्याचा आहे, आणि तो चांगलाच आहे. पण मग सिमेंटचा बीम आणि ब्लॉक जिथं भेटतात तिथं जाळी न मारता प्लास्टर केलं की सरळ रेघेत तडा जातो आणि दोष ब्लॉकला लागतो. लाल विटेसाठी शेताची पोयट्याची माती जाते. आमच्याकडे सोलापूरजवळ एनटीपीसीचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे, त्यामुळे राखेच्या विटा मी सर्रास वापरते. तुमच्यापासून राखेचं केंद्र लांब पडेल. ट्रकने दीडशे-दोनशे किलोमीटर आणलेली ‘पर्यावरणपूरक’ वीट हा एक विनोद आहे. जे जवळ मिळतं आणि तुमच्या गवंड्याच्या हाताला येतं ते घ्या. लाल वीट घेतलीत तर पश्चिमेची भिंत तरी पोकळ करा.

पोकळ म्हणजे तुमचा रॅट-ट्रॅप. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये तीनेक इंच पोकळी राहते. भिंत नऊ इंचीच, पण विटा सुमारे 25 टक्के कमी आणि अडकलेली हवा ऊन अडवते. वास्तुविशारद लॉरी बेकरांनी केरळात ही पद्धत घरोघर नेली. मी तिरुवनंतपुरमला जाऊन त्यांचं काम बघून आले ती पेटूनच, आणि 2006 मध्ये बार्शीकडे एका घराला रॅट-ट्रॅप लावला. मालकाच्या आईने नाव ऐकून विचारलं, “म्हणजे भिंतीत उंदीर होणार का?” मी हसले. उंदीर झाले नाहीत. पण मी नसताना वायरमन आला आणि त्याने कटर लावून भिंतींना आडव्या-उभ्या खाचा मारल्या, जशा तो रोज मारतो. उभ्या विटेची जाडी तीन इंच. त्यात खाच मारली की उरतं काय? दोन भिंती उतरवून पुन्हा बांधल्या. त्या विटा वाचवण्यापायी किती विटा गेल्या हे मी मालकाला कधी सांगितलं नाही. पैसे माझ्या फीमधून गेले, तेव्हा आता सांगायला हरकत नाही.

वायरमनची काहीच चूक नव्हती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पाइप बांधकामाबरोबर पोकळीतूनच वर न्यायचे असतात, म्हणजे खाच लागतच नाही. तेव्हापासून मी गवंड्याच्याही आधी वायरमनला चहाला बोलावते.

मी 20 वर्षं दुबईत. देवगडला वडिलोपार्जित जागेवर चिऱ्याचं, पूर्ण इकोफ्रेंडली घर बांधायचं आहे. वर्षातून तीन आठवडे राहू. जुनं घर आहे, पण मोडकळीला आलंय. सुरुवात कुठून? — एक कोकणी माणूस

जुन्या घरापासून. रागावू नका. 49 आठवडे बंद राहणारं नवं घर पर्यावरणपूरक कसं करायचं, हे मला माहीत नाही. बंद घराला कोकणात बुरशी, वाळवी आणि भाऊबंद लागतात.

जुन्या घराचा चिरा बघा. खाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो, हवेवर कडक होत जातो. तुमच्या आजोबांचा चिरा आजच्या खाणीच्या चिऱ्यापेक्षा पक्का निघण्याची शक्यता जास्त. भिंती उभ्या असतील तर खर्च छपराचा आहे. तिथं स्लॅब टाकू नका. तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात सपाट छत टाकायचं, ते गळलं की त्यावर पत्र्याची शेड मारायची, हे अख्ख्या कोकणात चाललंय. एका घराला दोन छपरांचे पैसे. उतार ठेवा, पागोळ्या भिंतीपासून तीन फूट लांब पडू द्या, पडवी बंद करून खोली काढू नका. कौलं माकडं फोडतात, ही तक्रार खरी आहे. कौलांखाली पत्रा किंवा फळ्यांचं अस्तर द्या, कौल फुटलं तरी घर भिजत नाही.

आणि गावात एखाद्या कुटुंबाला पडवी-स्वयंपाकघर वापरायला द्या. चूल पेटली, केर निघाला, खिडक्या उघडल्या की घर जगतं. भाड्यापेक्षा ते मोलाचं आहे.

मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. ग्रीन रेटिंगची परीक्षा देऊन टाकू की आधी नोकरी? — विद्यार्थिनी, अमरावती

परीक्षा दे, पण नंतर. ती पाठांतराने सुटते आणि सुटली की आपल्याला येतं असं वाटायला लागतं. आधी एक उन्हाळा एखाद्या साइटवर काढ. तुझ्या अमरावतीत मे महिना आहे, याहून चांगली प्रयोगशाळा कुठली? कूलरच्या वाळ्याच्या ताट्या कोणत्या खिडकीला लावल्या की घर गार होतं आणि कोणत्या खिडकीला लावल्या की फक्त चिकचिक होते, हे आजीला विचार. तिला हवेचा मार्ग समजतो, फक्त ती त्याला क्रॉस व्हेंटिलेशन म्हणत नाही. त्यानंतर परीक्षेतला प्रत्येक गुण कशासाठी ठेवलाय ते तुला दिसेल, आणि काही कशासाठीच ठेवलेले नाहीत हेही.

ताई, लोकांना सांगता, पण तुमचं स्वतःचं घर कितपत ग्रीन आहे? — नाव छापू नये, अक्कलकोट

कुणीतरी हे विचारणारच होतं.

माझं घर 1998 चं. स्वयंपाकघर पश्चिमेला आहे. तेव्हा मी नवी होते, रस्ता त्या बाजूला होता, खिडकी रस्त्याकडे हवी असं मला वाटलं. सासूबाईंनी नकाशा बघून एकच वाक्य उच्चारलं होतं, “संध्याकाळी भाकऱ्या थापताना ऊन तोंडावर येईल.” मी त्यांना सूर्याच्या कोनांची आकृती काढून दाखवली. आकृती बरोबर होती. ऊनही बरोबर तोंडावर येतं.

नंतर छज्जा वाढवला, त्याने काही झालं नाही, कारण मावळतीचं ऊन छज्ज्याखालून येतं. मग खिडकीबाहेर शेवगा लावला. दोन वर्षांत तो खिडकीवर आला. आता मेमध्ये संध्याकाळी साडेपाचला ओट्यावर कवडसे पडतात, ऊन पडत नाही. शेंगा शेजारच्या तीन घरांना पुरतात. फांद्या ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात एक तरी मोडून पन्हळीत अडकते, आणि ती काढायला मी शिडी लावून चढते. मिस्त्री हल्ली थकलेत, पण मागे आले होते तेव्हा खाली शिडी धरून उभे होते.